परिभ्रमी आयनद्रायूतील चुंबकीय अस्थिरता : मापन व नियंत्रण

हलक्या अणुकेंद्रांचे संघटन (एकत्रीकरण) घडवून ऊर्जा मिळविण्यासाठी जो अतितप्त आयनद्रायू (प्लाझ्मा) चुंबकीय क्षेत्राने कोंडून ठेवावा लागतो, त्याच्यात आपोआप वाढत जाणाऱ्या विकृतींना चुंबकीय अस्थिरता म्हणतात. कंकणाकृती पात्रातील आयनद्रायू कंकणाच्या वाटेने फिरत असेल, म्हणजेच परिभ्रमी असेल, तर या विकृतींचे स्वरूप, त्या ओळखण्याची साधने व त्यांना आवर घालण्याचे उपाय या तिन्ही गोष्टींवर परिभ्रमणाचा परिणाम होतो. परिभ्रमण हे विकृतींपासून संरक्षण देते आणि त्यांच्या मापनासही मदत करते, ही गोष्ट हळूहळू व बरीचशी अनपेक्षितपणे ध्यानात आली. प्रस्तुत नोंदीत या विषयाच्या विकासाचा वृत्तांत मुख्यतः टोकामॅक या प्रयुक्तीच्या संदर्भात दिला आहे. [⟶ आयनद्रायू भौतिकी].

ड्यूटेरियम व ट्रिटियम यांच्या अणुकेंद्रांचे संघटन पुरेशा त्वरेने होण्यासाठी १० कोटी अंश से. पेक्षा अधिक तापमान लागते. अशा तापमानाचा द्रव्यसंचय कोणत्याही भिंतीला टेकू देता येत नाही. टोकामॅकमध्ये कंकणाच्या लांब वाटेने जाणारे प्रबल चुंबकीय क्षेत्र बाहेरील वेटोळ्यांनी निर्माण करतात आणि खुद्द आयनद्रायूतून लक्षावधी अँपिअरांचा विद्युत् प्रवाह नेऊन त्याच्याभोवती दुसरे क्षेत्र निर्माण करतात. दोहोंच्या संयोगाने बलरेषा मळसूत्राप्रमाणे पिळलेल्या राहतात. एखादी बलरेषा कंकणाच्या आखूड परिघाभोवती एक वेढा पूर्ण करीपर्यंत लांब वाटेने जितके फेरे घेते, त्या संख्येला सुरक्षा गुणांक म्हणतात. ज्या पृष्ठावर हा गुणांक १, ३/२, २ असा साध्या पूर्णांकांच्या गुणोत्तराइतका असतो, तेथे बलरेषा थोड्याच फेऱ्यांनंतर आपल्याच शेपटाला येऊन मिळते. अस्थिरतांचा उगम बहुधा अशाच पृष्ठांपाशी होतो, कारण त्या पृष्ठावर पिळाचा मेळ साधणारी मळसूत्री विकृती बलरेषांना न ताणता वाढू शकते.

प्रारंभीचा काळ : अस्थिरतेची समस्या टोकामॅकपेक्षा जुनी आहे. एम्. डी. क्रुस्कल व एम्. श्वार्झशिल्ट यांनी १९५४ साली गणिताने असे दाखविले की, केवळ स्वतःच्या प्रवाहाच्या क्षेत्राने आवळलेला आयनद्रायूचा स्तंभ मुरडला जाण्यास सदैव तयार असतो. जरासा बाक आला की, बाकाच्या आतील अंगास क्षेत्र दाट होते, बाहेरील अंगास विरळ होते आणि बाक आणखी वाढतो. लांब वाटेचे प्रबल क्षेत्र मिसळल्यास या मुरडीला कोणत्या मर्यादेपर्यंत रोखता येईल, याचा निकष क्रुस्कल आणि रशियन शास्त्रज्ञ व्ही. डी. शाफ्रानोव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडला. सुरक्षा गुणांक १ पेक्षा अधिक ठेवावा, असे त्याचे तात्पर्य आहे.

अस्थिरता न ओळखता आल्यास काय होते, याचा धडा ब्रिटनमधील हार्वेल येथील झीटा या यंत्राने दिला. त्यातून मिळालेले न्यूट्रॉन औष्णिक संघटनाने निर्माण झाले असावेत, असे १९५८ च्या जानेवारीत मोठ्या गाजावाजाने जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात हे विधान मागे घ्यावे लागले. न्यूट्रॉन आले होते हे खरे. परंतु ते अस्थिरतेमुळे प्रवेगित झालेल्या थोड्या आयनांच्या टकरींतून आले होते. आयनद्रायूच्या अंतरंगात काय चालले आहे, हे पाहणारी साधने तेव्हा नव्हती. या नामुष्कीनंतर मापनाकडे अधिक गंभीरपणे पाहिले जाऊ लागले.

सिद्धांताच्या बाजूने महत्त्वाचे पाऊल १९६३ साली पडले. आदर्श संवाहक मानलेल्या आयनद्रायूत बलरेषा तुटत नाहीत व जोडल्याही जात नाहीत. एच्. पी. फर्थ, जे. किलीन व एम्. एन्. रोझेनब्लुथ यांनी असे दाखविले की, विद्युत् रोध अत्यल्प असला, तरीही साध्या गुणोत्तराच्या पृष्ठांपाशी बलरेषा फाटून पुन्हा वेगळ्या रीतीने जोडल्या जातात. या विदारक अस्थिरतेमुळे एकात एक बसलेल्या चुंबकीय पृष्ठांच्या जागी बलरेषांच्या बंद गुंडाळ्या तयार होतात. त्यांना चुंबकीय बेटे म्हणतात. बेटाच्या एका काठाची उष्णता दुसऱ्या काठाशी सहज पोहोचते. त्यामुळे बेट जितके रुंद, तितकी कोंडणी कुचकामी ठरते. दोन शेजारची बेटे एकमेकांना भिडली, तर काही मिलिसेकंदांत सर्व उष्णता भिंतीवर ओतली जाते व प्रवाह कोसळतो. या घटनेला प्रवाहभंग म्हणतात.

मिर्नोव्ह वेटोळी : मॉस्को येथील कुर्चाटोव्ह संस्थेतील टी–३ या टोकामॅकचे निष्कर्ष एल्. ए. आर्टसिमोव्हिच यांनी १९६८ साली नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत मांडले. पुढच्या वर्षी इंग्लंडातील कलम येथील तुकडीने लेसर किरणांच्या प्रकीर्णनाने सु. १ कोटी अंश तापमानाची खात्री करून दिली, तेव्हा साऱ्या जगाने टोकामॅकची कास धरली. याच यंत्रावर एस्. व्ही. मिर्नोव्ह व आय्. बी. सेम्योनोव्ह यांनी आयनद्रायूच्या आखूड परिघाभोवती लहान तारवेटोळी मांडून त्यांतील विद्युत् दाबांचा परस्परसंबंध अभ्यासला. त्यांचे निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ही वेटोळी मिर्नोव्ह यांच्या नावाने ओळखली जातात व आजही ती प्रत्येक टोकामॅकमध्ये असतात.

या साधनाचे तत्त्व अगदी साधे आहे. विकृती म्हणजे मळसूत्री प्रवाहाची एक वळकटी होय. ती आयनद्रायूबरोबर फिरत असताना प्रत्येक वेटोळ्यासमोरून तिचे उंचवटे व खोलगट भाग आळीपाळीने जातात आणि वेटोळ्यात प्रत्यावर्ती विद्युत् दाब प्रवर्तित होतो. एका रांगेतील वेटोळ्यांच्या दाबांमधील कलांतर मोजले की, आखूड परिघाभोवती किती उंचवटे आहेत हे कळते. लांब वाटेवरील वेटोळ्यांवरून दुसरी संख्या कळते. या दोन संख्यांवरून विकृतीचे मूळ पृष्ठ कोणते हेही ठरविता येते. बाहेर मिळणारा संकेत मुख्य क्षेत्राच्या सहस्रांशाहूनही कमी असतो. पण तो दर सेकंदास हजारो वेळा आंदोलित होत असल्यामुळे स्पष्टपणे वेगळा काढता येतो. येथे परिभ्रमण हेच मापनाचे वाहन आहे, याची फारशी जाणीव त्या काळी कोणी ठेवली नाही. ती ठेवण्याची वेळ पुढे आली.

चुंबकीय वेटोळी फक्त काठावरून कानोसा घेतात. गाभ्याचे दर्शन प्रथम १९७४ साली घडले. प्रिन्स्टन येथील एस्‌टी टोकामॅकवर एस्. फॉन गोलर, डब्ल्यू. श्टोडिएक व एन्. सॉथॉफ यांनी सिलिकॉनाचे अभिज्ञातक वापरून मृदू क्ष-किरणांची तीव्रता नोंदविली. मध्यभागाची तीव्रता हळूहळू चढे व एकाएकी खाली येई. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसे. दर वेळी कोसळण्यापूर्वी एक लहान आंदोलन उठे व मध्याच्या दोन्ही अंगांस त्याची कला विरुद्ध असे. अर्थात तप्त गाभा मध्यापासून सरकून फिरत होता. पुढील वर्षी बी. बी. काडोम्ट्सेव्ह यांनी बलरेषांच्या पुनर्जोडणीच्या आधारे याचे स्पष्टीकरण दिले. ते सर्वस्वी पुरेसे नाही, हे नंतरच्या मापनांनी दाखविले. तरी पुढील साऱ्या विवेचनाचा पाया तेच राहिले.

परिभ्रमणाचे मापन : टोकामॅक तापविण्यासाठी विद्युत् भाररहित अणूंच्या वेगवान शलाका आत सोडण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा त्या शलाका उष्णतेबरोबर कोनीय संवेगही देतील, हे उघड होते. प्रिन्स्टनच्या पीएल्‌टी या यंत्रात १९७८ मध्ये अशा तापनाने ६ कोटी अंश से. तापमान गाठण्यात आले. त्याच यंत्रावर एस्. सुकेवर व त्यांचे सहकारी यांनी अशुद्धी आयनांच्या वर्णरेषांचे डॉप्लर विस्थापन मोजले आणि १९७९ साली दर सेकंदास सु. १०० किमी. इतका परिभ्रमण वेग असल्याचे प्रसिद्ध केले. यंत्राची मोठी त्रिज्या सु. १·३ मी. होती, हे लक्षात घेतले तर आयनद्रायू सेकंदाला सु. बारा हजार फेऱ्या घेत होता, असे होते. शलाका बंद केल्यावर हा वेग टकरींच्या सिद्धांताने अपेक्षिलेल्यापेक्षा कितीतरी लवकर ओसरे.

आतील निरनिराळ्या थरांचा वेग वेगवेगळा मोजण्यासाठी शलाकेचाच उपयोग करता आला. ओक रिज येथील ऑर्मॅक यंत्रावर आर्. सी. आयस्लर यांनी १९७७ साली असे दाखवून दिले होते की, शलाकेतील हायड्रोजन अणू पूर्णपणे आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनाला आपला इलेक्ट्रॉन देतो व त्यातून विशिष्ट प्रकाश बाहेर पडतो. याच तत्त्वावर पुढे कार्बन आयनाची ५२९ नॅनोमीटर तरंगलांबीची हिरवी रेषा प्रमाणभूत ठरली. शलाका व दुर्बिणीची दृष्टिरेषा जेथे छेदतात, तेवढ्याच ठिकाणचा प्रकाश येत असल्यामुळे रेषेच्या सरकण्यावरून तेथील वेग व रुंदीवरून तापमान मिळते. एका कवडशातून दोन उत्तरे देणारी ही रीत इतकी सोयीची ठरली की, शलाका असलेल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात ती रूढ झाली.

जखडलेली विकृती : यूरोपीय राष्ट्रांचे जेट हे टोकामॅक कलम येथे १९८३ साली सुरू झाले. त्यावरील नोंदींत एक चमत्कारिक क्रम वारंवार दिसू लागला. मिर्नोव्ह वेटोळ्यांतील आंदोलनाची कंप्रता कमी कमी होत जाई, मग आंदोलन पार नाहीसे होई आणि थोड्या वेळाने प्रवाहभंग होई. आंदोलन थांबले म्हणजे अस्थिरता शमली, असा भोळा अर्थ सहज निघू शकला असता. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. वेटोळ्यातील दाब हा क्षेत्राच्या बदलाच्या त्वरेइतका असतो, क्षेत्राइतका नव्हे. विकृती एका जागी थांबली की, ती कितीही मोठी असली तरी वेटोळे मूक राहते. म्हणजे धोका परमावधीला पोहोचला त्याच क्षणी पहारेकरी गप्प होत असे.

जे. ए. स्नाइप्स, डी. जे. कॅम्बेल व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली जेटमधील या जवळजवळ स्थिर अशा मोठ्या विकृतींचा तपशीलवार वृत्तांत दिला. त्या ओळखण्यासाठी पात्राभोवती खोगिराच्या आकाराची रुंद वेटोळी बसवून समोरासमोरच्या जोड्यांमधील फरक घ्यावा लागला व त्यांचा दाब समाकलक मंडलांनी काळानुसार बेरजेत घ्यावा लागला. हा 'जखडलेल्या विकृतीचा संकेत' पुढे प्रवाहभंगाची पूर्वसूचना देणारा सर्वांत विश्वासार्ह संकेत ठरला आणि त्यावरून यंत्र आपोआप बंद करण्याची व्यवस्था करण्यात आली. जेटसारख्या यंत्रात ही चैनीची बाब नव्हती : शंभर टनांहून अधिक वजनाचे निर्वात पात्र प्रवाहभंगाच्या धक्क्याने काही मिमी. आडवे सरकल्याच्या नोंदी आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कायमचे बंद होईपर्यंत या यंत्राने प्रवाहभंगांच्या कारणांविषयी जितकी माहिती पुरविली, तितकी क्वचितच दुसऱ्या यंत्राने पुरविली असेल.

विकृती थांबते का, याचे उत्तर एम्. एफ्. एफ्. नॅव्ह व जे. ए. वेसन यांनी १९९० साली व अधिक व्यापक स्वरूपात आर्. फिट्‌झपॅट्रिक यांनी १९९३ साली दिले. फिरणारी विकृती धातूच्या भिंतीत आवर्त प्रवाह प्रवर्तित करते व ते प्रवाह तिला मागे खेचतात. प्रवर्तन चलित्राची (मोटारीची) ओळख असणाऱ्याला हे चित्र परिचयाचे वाटेल. येथे विकृती हा चलित्राचा एक भाग, भिंत हा दुसरा भाग व आयनद्रायूच्या थरांमधील श्यानता ही प्रेरणा पुरविणारी. वेग भरपूर असताना खेच कमी असते. वेग घटला की खेच वाढते. बेट रुंदावत गेल्यास वेग मूळच्या निम्म्यावर येईपर्यंत समतोल टिकतो. त्यानंतर मधली कोणतीही स्थिती शक्य राहत नाही व वेग एकदम शून्याजवळ कोसळतो. भार वाढविता वाढविता चलित्र एकाएकी बंद पडावे, तसाच हा प्रकार होय.

त्याच सुमारास दुसरी एक उणीव उजेडात आली. वेटोळी बसविताना मिलिमीटर-दोन मिलिमीटरांची चूक राहिली किंवा जोडतारांची मांडणी असममित असली, तर मुख्य क्षेत्राच्या दहा हजारांशाइतके त्रुटिक्षेत्र निर्माण होते. डी–३–डी (सॅन डिएगो), कलम येथील कंपास–सी आणि जेट या यंत्रांवरील १९९० नंतरच्या प्रयोगांतून असे आढळले की, एवढेसे क्षेत्रही परिभ्रमणाला थोपवून पूर्वी नसलेली बेटे उत्पन्न करू शकते. परिभ्रमण चालू असते, तोवर साध्या गुणोत्तराच्या पृष्ठावरील प्रवाह त्रुटिक्षेत्राला आत शिरू देत नाहीत. वेग एका मर्यादेखाली गेला की कवच फुटते. यावर उपाय म्हणून त्रुटिक्षेत्राच्या उलट क्षेत्र देणारी सुधारक वेटोळी बसविण्यात येऊ लागली.

रोधी भिंतीची अस्थिरता : आतापर्यंतचा विचार बेटांचा झाला. याहून कठीण प्रश्न दाबाच्या कमाल मर्यादेचा आहे. एफ्. त्रोयाँ व त्यांचे लोझॅन येथील सहकारी यांनी १९८४ साली दिलेल्या नियमानुसार आयनद्रायूचा दाब चुंबकीय दाबाच्या ठराविक प्रमाणाबाहेर गेला, तर सबंध स्तंभ मुरडू लागतो व ही वाढ काही मायक्रोसेकंदांत होते. भोवती आदर्श संवाहक भिंत जवळ असली, तर तिच्यातील प्रवाह ही मुरड रोखतात व मर्यादा बरीच वर जाते. परंतु खऱ्या भिंतीला विद्युत् रोध असतो. डी. फिर्श व एच्. टॅसो यांनी १९७१ सालीच सिद्ध केले होते की, न फिरणाऱ्या आयनद्रायूला अशी भिंत वाचवू शकत नाही. ती केवळ मुदत वाढवून देते. क्षेत्र काही मिलिसेकंदांत भिंतीतून झिरपते व विकृती त्या संथ गतीने वाढत राहते. तिलाच रोधी भिंतीची अस्थिरता म्हणतात.

आयनद्रायू फिरत असेल तर काय, हा प्रश्न ए. बाँडसन व डी. जे. वॉर्ड यांनी १९९४ साली सोडविला. विकृती भिंतीला चिकटून राहू पाहते, आयनद्रायू तिच्यातून वाहत जातो व या सापेक्ष गतीतून ऊर्जेचा ऱ्हास होतो. पुरेशा वेगाने फिरल्यास या ऱ्हासामुळे विकृती वाढूच शकत नाही, असे त्यांना आढळले. डी–३–डी वरील ई. जे. स्ट्रेट व त्यांचे सहकारी यांच्या १९९५ मधील प्रयोगांनी भिंतीचा संरक्षक परिणाम प्रत्यक्ष दाखविला. ए. एम्. गारोफालो व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली ही अस्थिरता वेटोळ्यांनी व क्ष-किरणांनी प्रत्यक्ष पाहिली. परिभ्रमण एका मर्यादेखाली उतरले की ती वाढू लागे.

मात्र एक कोडे उरले. दाब भिंतीविना असणाऱ्या मर्यादेपेक्षा वर नेला की, परिभ्रमण दर वेळी आपोआप मंदावे; जणू कवच वापरायला काढताच ते गंजू लागे. याचा उलगडा ए. एच्. बूझर यांनी २००१ साली केला. अस्थिरतेच्या उंबरठ्यावर असलेला आयनद्रायू उरल्यासुरल्या त्रुटिक्षेत्राचे विवर्धन करतो व हे वाढलेले क्षेत्र परिभ्रमणाला अटकाव करते. उपाय अर्थातच त्रुटिक्षेत्र अधिक काटेकोरपणे नाहीसे करणे हा होता. पुनःप्रदाय व्यवस्थेलाच योग्य सुधारक प्रवाह शोधू देऊन डी–३–डी मध्ये परिभ्रमण टिकविण्यात आले आणि २००२ साली भिंतीविना असणाऱ्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट दाब स्थिर ठेवता आल्याचे प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील हा सर्वांत बोधप्रद टप्पा होय. कारण येथे भौतिकी बदलली नाही, केवळ वेटोळ्यांतील क्षुल्लक दोष निघाला व मर्यादा म्हणून मानलेली गोष्ट मर्यादा राहिली नाही.

त्याच विवर्धनाचा उपयोग मापनासाठीही करून घेण्यात आला. आत बसविलेल्या वेटोळ्यांतून काही दशक हर्ट्‌झ कंप्रतेचे लहानसे फिरते क्षेत्र द्यावयाचे व आयनद्रायूचा प्रतिसाद किती मोठा व किती मागे पडलेला आहे, हे मोजावयाचे, अशी रीत एच्. राइमर्डेस व त्यांचे सहकारी यांनी २००४ च्या सुमारास रूढ केली. मडके फुटण्याची वाट न पाहता टिचकी मारून त्याचा नाद ऐकावा, तसे हे आहे. विकृती अजून स्थिर असतानाच ती अस्थिर होण्यापासून किती दूर आहे, हे यावरून कळते.

किती वेग पुरेसा? : सुरुवातीच्या प्रयोगांवरून संरक्षणासाठी परिभ्रमण वेग आल्फव्हेन वेगाच्या (चुंबकीय बलरेषांवरून तरंग जाण्याच्या वेगाच्या) १ ते २ टक्के असावा, असा समज झाला होता. आल्फव्हेन वेग अशा यंत्रांत दर सेकंदास काही हजार किमी. असतो. ही मागणी भावी विक्रियकांना झेपण्यासारखी नव्हती. त्यांच्या शलाकांची ऊर्जा फार व संवेग त्या मानाने थोडा असतो आणि आयनद्रायू अवाढव्य असतो. म्हणून जपानमधील जेटी–६० यू आणि डी–३–डी या दोन यंत्रांवर परस्परविरुद्ध दिशांच्या शलाका समतोल राखून वेग कमी करून पाहण्यात आला. त्यासाठी डी–३–डी ची एक शलाकावाहिनी २००५ मध्ये वळवून बसविण्यात आली होती. एम्. ताकेची व राइमर्डेस यांच्या गटांनी २००७ साली स्वतंत्रपणे जाहीर केले की, केवळ ०·३ टक्के वेगही पुरतो.

मग आधीची मापने चुकली होती काय? मापने बरोबर होती, त्यांचा अर्थ वेगळा होता. पूर्वी आयनद्रायूला मंद करण्यासाठी मुद्दाम त्रुटिक्षेत्र दिले जाई. त्यामुळे मोजला गेलेला उंबरठा रोधी भिंतीच्या अस्थिरतेचा नसून त्रुटिक्षेत्राने परिभ्रमण एकाएकी कोसळण्याचा होता. इतक्या कमी वेगात स्थैर्य कोठून येते, याचे उत्तर बी. हू व आर्. बेट्टी यांनी २००४ सालीच सुचविलेले होते. चुंबकीय क्षेत्रात अडकून हेलकावे घेणाऱ्या आयनांचे संथ सरकणे विकृतीशी मेळ साधते व तिची ऊर्जा शोषून घेते. तथापि प्रिन्स्टनच्या एन्‌एस्‌टीएक्स यंत्रात २०१० साली असे आढळले की, मध्यम वेगातही अस्थिरता उद्‌भवते, कारण दोन प्रकारच्या मेळांच्या मधोमध शोषण दुबळे पडते. तेव्हा 'अमुक वेगाच्या वर सुरक्षित' असा एकच आकडा सांगण्याची सोय उरली नाही. वेगाची सबंध आतील वाटणी पाहावी लागते.

पुनःप्रदायाने नियंत्रण : परिभ्रमणावर न विसंबता वेटोळ्यांनीच विकृतीला उत्तर द्यावे, ही कल्पना जुनी आहे. कुर्चाटोव्ह संस्थेतील टीओ–१ यंत्रावर १९७० नंतरच्या दशकात असे प्रयत्न झाले व ब्रिटनमधील डाइट या यंत्रावर १९९० साली प्रवाहभंगापूर्वीची विकृती काही काळ दाबून ठेवण्यात यश आले. सी. एम्. बिशप यांनी १९८९ साली 'बुद्धिमान कवच' सुचविले : पात्राचा सर्व पृष्ठभाग लहान वेटोळ्यांनी मढवावा आणि प्रत्येकाने आपल्यापुरते क्षेत्र भेदू देऊ नये, म्हणजे रोधी भिंत आदर्श भिंतीसारखी वागेल. ही कल्पना टोकामॅकपेक्षा उलट क्षेत्राच्या आवळणी यंत्रांत अधिक फलदायी ठरली, कारण त्यांत एकाच वेळी अनेक विकृती वाढतात. स्टॉकहोम येथील एक्स्ट्रॅप टी–२ आर् वर २००४ मध्ये अनेक विकृती एकाच वेळी रोखण्यात आल्या. पॅड्युआ येथील आरएफ्‌एक्स-मॉड वर १९२ वेटोळ्यांनी पात्र पूर्णपणे वेढले होते व प्रत्येकाचा प्रवाह स्वतंत्रपणे बदलता येई. तेथे आणखी एक अडचण लक्षात आली. तुटक वेटोळी हव्या त्या विकृतीबरोबर नको ते उपक्षेत्रही निर्माण करतात व मापक वेटोळी दोन्ही मिळून वाचतात. गणनेने हा भाग वजा केल्यावरच नियंत्रण नीट साधले. पुढे हेच यंत्र व डी–३–डी यांवर काठाचा सुरक्षा गुणांक २ च्या खाली नेऊन टोकामॅक स्थिर चालविता आले, ही गोष्ट एके काळी अशक्य मानली जात असे.

डी–३–डी मध्ये २००३ साली पात्राच्या आत बारा वेटोळी बसविण्यात आली. त्यांना जलद प्रवाह पुरविण्यासाठी ध्वनिवर्धनाकरिता बनविलेले शक्तिशाली विवर्धक वापरण्यात आले, हा या इतिहासातील गमतीचा भाग. एन्‌एस्‌टीएक्स मध्ये एस्. ए. सब्बाग यांच्या गटाने २००६ साली अत्यल्प परिभ्रमण असतानाही विकृतीच्या वाढीच्या कालावधीच्या सु. ९० पट इतका वेळ तिला आवरून धरले.

बेटांसाठी वेगळा उपाय योजावा लागतो. दाबाच्या उतारामुळे आपोआप वाहणारा प्रवाह बेटात नाहीसा होतो व त्या उणिवेमुळेच बेट वाढते, असे टीएफ्‌टीआर् या यंत्रावर १९९५ साली स्पष्ट झाले. तेव्हा गेलेला प्रवाह बेटात परत भरावयाचा, हे उघड उत्तर होते. इलेक्ट्रॉनांच्या घिरट्यांशी अनुस्पंदन साधणारे सूक्ष्मतरंग जायरोट्रॉन नळ्यांनी निर्माण करून, आरशाने बेटावर नेमके रोखून, गार्खिंग येथील अ‍ॅस्डेक्स अपग्रेड यंत्रात १९९९ च्या सुमारास व त्यानंतर जेटी–६० यू आणि डी–३–डी मध्ये हे साधण्यात आले. लक्ष्य काही सेंमी. रुंद असते. ते शोधण्यास पुन्हा परिभ्रमणच मदत करते : बेट फिरत असताना त्याच्या दोन काठांवरील इलेक्ट्रॉन तापमानाची आंदोलने उलट कलांची असतात, कला जेथे पालटते तेथे बेटाचा मध्य असतो. बेट जखडले गेले तर मात्र ते सूक्ष्मतरंगांच्या वाटेत असेलच, याची शाश्वती नसते. एफ्. व्होल्पे व त्यांचे सहकारी यांनी डी–३–डी वर बाह्य वेटोळ्यांच्या क्षेत्राने जखडलेल्या बेटाला धरून शलाकेसमोर आणले व मग प्रवाह भरून त्याला नाहीसे केले. हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला.

भारतातील कार्य : गांधीनगरजवळील भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत पी. के. काव यांच्या नेतृत्वाखाली आदित्य हे पहिले भारतीय बनावटीचे टोकामॅक १९८९ साली सुरू झाले. त्याची मोठी त्रिज्या ७५ सेंमी. व छोटी २५ सेंमी. होती. या यंत्रावर काठाशी विद्युत् अग्र आत घालून त्याला विद्युत् दाब देण्यात आला. त्यामुळे उत्पन्न होणाऱ्या विद्युत् क्षेत्राने काठाचा आयनद्रायू फिरू लागतो, विदारक विकृती दबतात व होऊ घातलेला प्रवाहभंग टळतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कार्यात दाखविण्यात आले. खर्चिक शलाकांशिवाय परिभ्रमण मिळविण्याचा हा मार्ग लहान यंत्रांना विशेष उपयुक्त आहे. विक्रियकाच्या तापमानात विद्युत् अग्र टिकणार नाही, ही त्याची मर्यादा होय. आदित्यचे सुधारित रूप २०१६ मध्ये कार्यान्वित झाले.

आयटर : फ्रान्समधील कादाराश येथे उभारण्यात येत असलेल्या आयटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये भारत डिसेंबर २००५ पासून भागीदार आहे. २०२४ साली जाहीर झालेल्या सुधारित योजनेनुसार त्याचे संशोधनकार्य २०३४ मध्ये सुरू व्हावयाचे आहे. त्यातील परिभ्रमण आजच्या यंत्रांच्या मानाने मंद असेल, अशी अपेक्षा आहे. पात्राच्या आत प्रत्येकी नऊ याप्रमाणे तीन ओळींत २७ वेटोळी, बाहेर त्रुटिक्षेत्र सुधारणारी वेटोळी व बेटांवर रोखण्यासाठी १७० गिगाहर्ट्‌झ कंप्रतेचे सूक्ष्मतरंग अशी व्यवस्था योजलेली आहे. मापनाची अडचण येथे नव्या रूपात पुढे आली आहे. जखडलेली विकृती ओळखण्यासाठी वेटोळ्यांच्या दाबाची काळानुसार बेरीज करावी लागते. परंतु शेकडो सेकंदांच्या दीर्घ प्रयोगात समाकलक मंडलातील अगदी लहान चूकही साचत जाऊन खऱ्या संकेताइतकी होऊ शकते. म्हणून पात्राच्या बाहेरील अंगास हॉल परिणामावर आधारलेले, बिस्मथ धातूचे, क्षेत्र थेट मोजणारे संवेदक बसविण्याची योजना आहे. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात अर्धसंवाहकांपेक्षा बिस्मथ अधिक काळ टिकतो, हे या निवडीचे कारण होय.